निधीसाठी फॅशन शो करताय? आधी रॅम्पवर कोण चालणार ते ठरवा

नाशिकच्या एका महिला मंडळाच्या ताईंनी विचारलंय: त्यांच्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात डायलिसिस घेणाऱ्या गरजू रुग्णांसाठी निधी उभा करायचाय, आणि त्यासाठी साड्यांचा फॅशन शो करायचं मंडळात ठरलंय. हाताशी तीन महिने आहेत, साधारण चारशे खुर्च्यांचं सभागृह मिळतंय, तीस-पस्तीस सभासद उत्साहात आहेत. 'लोकांना कंटाळा येता कामा नये आणि पैसेही नीट उभे राहिले पाहिजेत. मुंबईहून मॉडेल आणायच्या का? सुरुवात कुठून करायची?'

ताई, मॉडेल आणू नका. सुरुवात साड्यांपासूनही करू नका आणि सभागृहापासूनही नको. एक वही घ्या आणि रॅम्पवर चालणाऱ्या चाळीस माणसांची यादी करा. कार्यक्रम रंगणार की नाही आणि तिकिटं खपणार की नाही, या दोन्हीचं उत्तर त्या यादीत असतं.

मी बरीच वर्षं असे कार्यक्रम बसवत आलेय, म्हणून खात्रीनं सांगते. देखणी पण अनोळखी मुलगी छान साडी नेसून चालली, तर प्रेक्षक पहिल्या तिघींना टाळ्या देतात आणि चौथीपासून मोबाइल काढतात. त्याच रॅम्पवर गल्लीतल्या बालवाडीच्या बाई आल्या, की त्यांच्या हाताखालून गेलेली अख्खी रांग उभी राहते. म्हणून यादीत मंडळाच्या सभासद असूदेतच, पण निम्मी नावं बाहेरची हवीत. डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, एसटीच्या कंडक्टरताई, पोलीस ठाण्यातल्या हवालदार, भाजीवाल्या मावशी, पोळीभाजी केंद्राच्या काकू, भजनी मंडळातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी, महाविद्यालयात जाणाऱ्या चार मुली. प्रत्येकीच्या मागे वेगळा गोतावळा असला पाहिजे. एकाच सोसायटीच्या वीस जणी घेतल्या, तर वीस जणींचे प्रेक्षक तेच असतात.

आता हिशोब बघा. प्रत्येकीनं आपल्या माणसांना आठ तिकिटं विकायची, एवढीच अट ठेवा. चाळीस गुणिले आठ म्हणजे तीनशे वीस खुर्च्या एकही फलक न लावता भरल्या. उरलेल्या ऐंशी प्रायोजकांना, पाहुण्यांना आणि रुग्णालयाच्या लोकांना.

अमेरिकेत 'एबनी' या कृष्णवर्णीयांसाठीच्या मासिकाचा 'एबनी फॅशन फेअर' नावाचा फिरता शो होता, १९५८ ते २००९. त्याची सुरुवात न्यू ऑर्लीन्समधल्या एका रुग्णालयाला मदत करण्याच्या कल्पनेतून झाली आणि मासिक काढणाऱ्या कंपनीच्या युनिस जॉन्सन यांनी तो वाढवला. कपडे पॅरिस-मिलानचे, मॉडेल कृष्णवर्णीय, पण गावोगावी तिकिटं विकायचे ते तिथलेच महिला क्लब, चर्च आणि संघटना, आणि पैसा तिथल्याच कामाला जायचा. तिकिटातच 'एबनी' किंवा 'जेट' या नियतकालिकाची वर्गणी धरलेली असायची. अशा रीतीनं या शोनं पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम समाजकार्यासाठी उभी केली. विक्री ओळखीच्या माणसानं केली की तिकीट जातं, हे तिथंही तसंच होतं.

दुसरी गोष्ट, स्पर्धा ठेवू नका. परीक्षक, मुकुट, 'बेस्ट स्माईल', काही नको. स्पर्धा आली की एकीचं कौतुक होतं आणि एकोणचाळीस जणींच्या घरचे नाराज होऊन निघतात. ज्यांच्याकडून देणगी मागायची, त्यांनाच दुखवण्यात काय अर्थ आहे?

किती वेळाचा कार्यक्रम करावा, यावर माझं मत ठाम आहे. दीड तास, मध्यंतर नाही. मध्यंतर ठेवलं की ज्यांची बहीण, सून चालून झालेली असते ती मंडळी चहा पिऊन तिथूनच घरी जातात. म्हणूनच प्रत्येकीला दोनदा रंगमंचावर आणायचं, एकदा तिच्या फेरीत आणि एकदा शेवटच्या मिरवणुकीत, म्हणजे माणसं बसून राहतात. वडापाव-कॉफीचे आणि साड्यांचे स्टॉल दारं उघडल्यापासून सुरू करा, कार्यक्रमानंतरही चालू ठेवा.

आपल्याकडे अशा संध्याकाळी मरतात त्या भाषणांनी आणि सत्कारांनी. दीपप्रज्वलन, स्वागत, रुग्णालयाच्या वतीनं दोन वाक्यं, एवढं सगळं दहा मिनिटांत संपवा. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर पाहुणे आल्या आल्या बाहेरच्या दालनात द्या, फोटो तिथंच काढा. फॅशनच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला निधी-संकलनाचा शो म्हणजे २८ नोव्हेंबर १९७३ चा, फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्यातला. राजवाड्याच्या डागडुजीसाठी पैसे हवे होते. पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनर समोरासमोर उभे ठाकले. फ्रेंचांनी भव्य नेपथ्य, वाद्यवृंद, नर्तक असा मोठा लवाजमा आणला आणि त्यांचा भाग लांबतच गेला. अमेरिकनांचा मागचा पडदा मापाच्या घोळात आखूड निघाला, त्यामुळे त्यांनी तो टाकून जवळजवळ मोकळ्या रंगमंचावर सुमारे पस्तीस मिनिटांत आपला भाग संपवला. टाळ्या त्यांनी नेल्या. चपळ चाल, ठेक्यातलं संगीत आणि एकामागून एक येणारी जिवंत माणसं याच्यापुढे नेपथ्य फिकं पडतं, म्हणून सजावटीवर पैसे घालू नका.

चालण्याचं गणित असं मांडा. तीस फुटांच्या रंगमंचावर एका फेरीला, टोकाला क्षणभर थांबून परतायला, पाऊण मिनिट लागतं. पहिली वळली की दुसरी निघाली पाहिजे, म्हणजे दर पंचवीस सेकंदांना नवा चेहरा. दहा जणींची फेरी साडेचार मिनिटांत होते. जिथं गोष्ट सांगायची आहे तिथं प्रत्येकी पाऊण मिनिट धरा. वेगळा रॅम्प बांधायचा खर्चही टाळता येतो. नाट्यगृहात बहुधा मधून रस्ता असतो. शेवटच्या रांगेच्या दारातून येऊन प्रेक्षकांमधून चालत रंगमंचावर चढायचं. माणसं हातभर अंतरावरून जाताना दिसली की सभागृह एकदम तापतं. फक्त त्या रस्त्यावर उजेड पुरेसा ठेवा आणि पायऱ्यांवर वयस्कर बायकांना हात द्यायला दोन मुलं उभी करा.

आता फेऱ्या. पहिली फेरी नऊवारीची ठेवा, कारण ढोलकीवर नऊवारी आली की सभागृह पहिल्याच मिनिटाला आपलं होतं. ब्राह्मणी, कोळी, कोल्हापुरी, लावणीची अशी वेगवेगळी नेसण दाखवा आणि चालही त्या त्या नेसणीची शिकवा. कोळी नेसणीची बाई हातात टोपली घेऊन जशी ठसक्यात येते, तशी पेशवाई थाटातली येत नाही.

दुसरी फेरी माझ्या सर्वांत आवडीची, कपाटातल्या साडीची. प्रत्येकीनं घरातली एक जुनी साडी आणायची, आईची, सासूची, पहिल्या पगाराची, आणि तिची गोष्ट दोन वाक्यांत निवेदकाला लिहून द्यायची. इथं निवेदनावर मेहनत घ्या. 'आता येत आहेत अमुक अमुक, त्यांनी परिधान केली आहे मोरपंखी रंगाची इरकल', हे निवेदन नव्हे. मोरपंखी रंग लोकांना दिसतोय. 'पहिला पगार तीनशे दहा रुपये, साडी दोनशे ऐंशीची. उरलेल्या तीस रुपयांत महिना कसा काढला ते त्यांच्या मिस्टरांना विचारा, ते तिसऱ्या रांगेत बसलेत', असं म्हटलं की लोक तिसऱ्या रांगेकडे वळून बघतात, हसतात, आणि ती साडी त्यांच्या लक्षात राहते. अशा दहा गोष्टी लिहून घ्यायला तुम्हाला दहा घरी जाऊन बसावं लागेल. जा. बायका कागदावर 'आईची आठवण' एवढंच लिहितात; खरी गोष्ट चहाच्या दुसऱ्या कपाला बाहेर येते.

तिसरी फेरी विणकरांची. तुम्ही नाशिकला आहात, येवला तुमच्याच जिल्ह्यात. पैठणी विणणारं एखादं जोडपं रंगमंचावर आणा, आणि त्यांना मानधन द्या. फुकट बोलवू नका. पदर कसा विणतात ते त्यांनीच सांगू दे. मग एक छोटा कॅमेरा पडद्याला जोडून पदर उलटा करून दाखवा. हातमागावरच्या चांगल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही तेवढाच रेखीव दिसतो, धागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या नकलेत मागे मोकळ्या धाग्यांची जाळी दिसते. दोन्ही पदर शेजारी शेजारी धरले की चारशे माणसं पुढे वाकून बघतात. या एका मिनिटात जेवढं मनोरंजन होतं तेवढं पाहुण्या नर्तकांच्या नाचात होत नाही. त्याच दरम्यान विदर्भातली करवतकाठी, खणाच्या, इरकली आणि गोव्याच्या कुणबी साड्यांतल्या चौघी-पाच जणी फिरवा.

मुंबईत मनीष मल्होत्रा आणि शबाना आझमींच्या मिजवान संस्थेचे शो होतात, त्यातही हेच सूत्र आहे: आझमगढजवळच्या मिजवान गावातल्या बायकांनी केलेली चिकनकारी रॅम्पवर येते. ज्यांच्यासाठी मदत मागायची त्यांचं काम लोकांसमोर ठेवायचं. मला ही पद्धत फार पटते.

चौथी पुरुषांची, आणि ती जास्त लांबवू नका. फेटे बांधणाऱ्याला रंगमंचावरच उभा करा, सहा जण ओळीनं आणा, ढोलकीच्या ठेक्यावर त्यानं एकेकाला फेटा बांधायचा. लोक टाळ्यांनी ठेका धरतात आणि तेवढ्यात आत बायकांना साडी बदलायला पाच-सहा मिनिटं मिळतात.

संगीत शक्यतो जिवंत ठेवा. ढोलकी, संवादिनी, बासरी, एवढं पुरे. चालणारीची चप्पल अडकली, आजी मध्येच थांबून नातवाला हात करायला लागल्या, तर ढोलकीवाला ठेका लांबवतो. ध्वनिमुद्रित गाणं कुणासाठी थांबत नाही. मुद्रित गाणी वाजवायची असतील तर सार्वजनिक वादनाचा परवाना लागतो, त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थांकडे आधीच चौकशी करा. जिवंत वादनातही चित्रपटगीतं घेतली तर रचनेच्या हक्काचा प्रश्न येतो, तेव्हा पारंपरिक चाली बऱ्या.

शेवटची फेरी रुग्णालयाच्या माणसांची: नर्स, डायलिसिस तंत्रज्ञ, डॉक्टर. रुग्णांपैकी ज्यांना मनापासून यायचंय त्यांनीच यावं. इथं मी हात जोडून सांगते, कुणाला रडवण्यासाठी रंगमंचावर आणू नका. 'यांची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे' असं निवेदन त्या माणसाच्या मुलाबाळांसमोर करू नका. ती शिक्षिका असेल तर शिक्षिका म्हणून, शिंपी असेल तर शिंपी म्हणून येऊ दे. तिला काय सांगायचं, काय नाही, ते तिनं ठरवावं आणि ऐन वेळी नको म्हणाली तर नाव गुपचूप वगळावं. काही बारीक गोष्टी आहेत. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून जातो, म्हणून तालीम आणि कार्यक्रम दोन्ही तिच्या वाराला टाळून ठेवा. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, असतो, त्या हातात घट्ट बांगड्या, तोडे, दंडात वाकी काहीही घालायचं नाही. दागिने दुसऱ्या हातात. पाणी मोजून प्यावं लागतं, तेव्हा सरबताचा आग्रह नको. बसायला विंगेत खुर्ची हवी.

रंगपटाकडे वळते, कारण प्रेक्षकांना जो गोंधळ दिसतो तो आत सुरू झालेला असतो. नऊवारी नेसवायला सरावलेल्या बाईलाही दहा-पंधरा मिनिटं लागतात. दहा जणींना दोघींनी नेसवायचं म्हटलं तर सवा तास गेला. म्हणून नऊवारीची फेरी पहिली: त्या घरून किंवा दुपारपासून नेसून तयार असतात. ज्यांना पुढच्या फेरीतही यायचंय त्यांना शिवलेली नऊवारी द्या, ती दोन मिनिटांत चढते आणि उतरते. प्रत्येकीची एक कापडी पिशवी, तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि फेरी, आत साडी, परकर, ब्लाउज, चप्पल, दागिन्यांची डबी. पिशव्या फेरीच्या क्रमानं दोरीला टांगायच्या. टेबलावर पिना, सुई-दोरा, टिकल्या, कात्री, ओले रुमाल, इस्त्री. विंगेत कागद लावलेला, पुढच्या पाच नावांचा, आणि तिथं एकच बाई सोडणारी. दुसरी कुणी 'जा, जा' म्हणाली तरी जायचं नाही.

साड्या दुकानातून उसन्या आणल्या तर नोंदवही ठेवा: साडी, किंमत, आधीचा डाग असेल तर फोटो, कुणाला दिली, परत कधी. मेकअप साडी नेसण्याआधी संपवायचा, गळ्यात रुमाल ठेवून. उसनी साडी नेसून चहा नाही, अत्तराचा फवारा नाही. पिन थेट रेशमावर टोचू नका, मध्ये कापडाचा छोटा तुकडा किंवा मणी घाला, नाहीतर पदर फाटतो. दागिने सोन्याचे नकोत. नकली ठुशी, नकली नथ दुरून तितकीच शोभते आणि रंगपटात कुणावर संशय घ्यायची वेळ येत नाही.

तालमी चार पुरतात, पण शेवटची त्याच साडीत, त्याच चपलेत आणि त्याच रंगमंचावर झाली पाहिजे. नव्या चपलेनं गालिच्यावर पाय सरकतो, हे घरी कळत नाही.

पैशांचं बोलू. पडदा उघडायच्या आधी खर्च वसूल झालेला असावा. तिकिटाचा रुपया खर्चात जाता कामा नये. सभागृह, ध्वनी, प्रकाश, छपाई, मानधन यांचा आकडा काढा आणि तेवढे प्रायोजक व स्मरणिकेच्या जाहिराती पहिल्या सहा आठवड्यांत मिळवा. सराफ, साडीची दुकानं, ब्युटी पार्लर, कॅटरर, पॅथॉलॉजी लॅब ही नेहमीची मंडळी. मग तिकिटाची जाहिरात करताना ठणकावून म्हणता येतं की तुमचा प्रत्येक रुपया रुग्णांकडे जाणार. समजा पुढच्या ऐंशी खुर्च्या हजाराच्या, मधल्या दोनशे पाचशेच्या, मागच्या एकशेवीस दोनशेच्या. सगळी विकली तर दोन लाख चार हजार. पाहुण्यांना, रुग्णालयाच्या लोकांना फुकट प्रवेशिका दिल्या की तेवढे कमी होतात, हे आधीच वजा करा.

खर्चाबद्दल एवढी काटेकोर का, याचं कारण आहे. ब्रिटनच्या चॅरिटी कमिशननं फॅशनचे कार्यक्रम करून निधी उभारणाऱ्या 'फॅशन फॉर रिलीफ' या संस्थेची चौकशी करून सप्टेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. एप्रिल २०१६ ते जुलै २०२२ या काळात संस्थेच्या एकूण खर्चापैकी फक्त साडेआठ टक्के रक्कम प्रत्यक्ष दानकार्याला गेली होती. झगमगाट महाग असतो आणि तो हळूच निधी खाऊन टाकतो.

सभागृहात देणगीचं आवाहन एकदाच करा आणि ते शेवटी नको. शेवटी लोक गाडी काढायच्या घाईत असतात. विणकरांची फेरी संपली की लगेच, लोक खुश असताना, दोन मिनिटं. आकडा ठोस सांगा: एका डायलिसिसचा रुग्णाला किती खर्च येतो ते रुग्णालयाकडून लेखी घ्या आणि 'एक डायलिसिस', 'एक महिना' असे पर्याय ठेवा. प्रत्येक खुर्चीवर क्यूआर कोडचं कार्ड आणि पेन. क्यूआर थेट रुग्णालयाच्या न्यासाच्या खात्याचा असावा, कुणा सभासदाच्या मोबाइलचा नाही. एखादी पैठणी लिलावात काढायला हरकत नाही, पण तिकिटं विकून लकी ड्रॉ टाळा, तो कायद्यानं लॉटरी ठरू शकतो.

कागदपत्रं थोडक्यात. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर देणग्या गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयातून परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. आयकर सवलतीची पावती रुग्णालयाच्या न्यासानं द्यायची, त्यांच्याकडे मान्यता असेल तर. ती देणगीला मिळते, तिकिटाला नाही, आणि दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, हे स्वागतकक्षावर लिहून लावा. तिकीट विक्रीवरचा कर आणि पोलीस परवानगी याबद्दल सभागृहाचे व्यवस्थापक आणि तुमचे सीए यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला. बंदिस्त सभागृह असलं तरी साडेआठला संपेल असंच बसवा; लहान मुलं आणि आजी-आजोबा हेच तुमचे खरे प्रेक्षक आहेत.

कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी उसन्या साड्या मोजून परत, सही घेऊन. आठ दिवसांत जमाखर्च एका पानावर: किती तिकिटं, किती देणगी, किती खर्च, तो कुणी दिला, रुग्णालयाला किती रकमेचा धनादेश कोणत्या तारखेला. ते पान तिकीट घेतलेल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं पाहिजे. सहा महिन्यांनी रुग्णालयाकडून त्या पैशांत किती डायलिसिस झाले तो आकडा मागवा आणि त्याच यादीला पाठवा. चालणाऱ्यांची यादी या रविवारपर्यंत तयार झाली, तर पुढच्या रविवारी प्रायोजकांकडे जायला तुमच्या हातात दाखवण्यासारखं काही असेल.